गजावरचं फडकं

पोलिसाच्या घरात दर रविवारी सगळे एकत्र जेवतात, हे ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला एकदा गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला उभा करायला पाहिजे. सलग तीस तास. मग विचारायचं, बाळा, जेवलास का?

तेरा वर्षं झाली ती मालिका चालू आहे, 'घर सरनोबतांचं'. आजोबा निवृत्त आयुक्त, मुलगा उपायुक्त, सून सरकारी वकील, नात फौजदार. रविवारी आठ वाजता बारा खुर्च्यांच्या टेबलाभोवती बसून ही मंडळी अळूची भाजी वाढून घेता घेता खुनाचा उलगडा करतात. वरून आजोबा म्हणतात, "वर्दी अंगावर नसते, रक्तात असते." माझ्या रक्तात साखर आहे. दुसरं काही डॉक्टरला सापडलेलं नाही.

मी रामदास ओव्हाळ. चौतीस वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मुलगा अनिरुद्ध वाहतूक शाखेत हवालदार आहे. धाकटी निकिता दोन वर्षांपूर्वी परीक्षा देऊन फौजदार झाली. म्हणजे म्हटलं तर आमचंही घर सरनोबतांचंच, फक्त आमच्याकडे टेबल नाही. येरवड्यातल्या आमच्या घरात रात्रपाळी करून आलेलं कुणीतरी कायम झोपलेलं असतं आणि माणसं येतील तशी जेवतात. हिरा, माझी बायको, म्हणते की मी संसार नाही केला, खानावळ चालवली.

तरी मालिकेचा एक भाग मी चुकवलेला नाही. बघायचं आणि तोंडसुख घ्यायचं, हा माझा रविवार. "अरे, पंच कुठे आहेत? पंचांशिवाय पंचनामा करतोय गाढव." "फौजदारीणबाई केस मोकळे सोडून छाप्याला निघाल्या, वा." अनिरुद्धची बायको शेफाली कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत जायची. हिरा म्हणायची, एवढं वाईट आहे तर बंद करा. बंद कसं करणार? तेरा वर्षांची सवय आहे.

यातली एक गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. चार वर्षांपूर्वी मी एकवीस चुकांची यादी करून वाहिनीला पाठवली होती. महिन्याभराने मालिकेच्या लेखकाचा फोन आला. इंद्रजीत त्याचं नाव, शनिवार पेठेत राहतो, पस्तिशीचा असेल. म्हणाला, "साहेब, आपण एकदा भेटाल का?" निवृत्त झाल्यापासून मला साहेब म्हणणारा तो पहिला माणूस. दूधवाला काका म्हणतो आणि बँकेत टोकनच्या नंबराने बोलावतात. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी त्याच्याकडे जायचो. घरी सांगायचो, पेन्शनर संघाची बैठक आहे. चहा प्यायचा आणि नावं-गावं बदलून जुन्या केसेस सांगायच्या. एक रुपया घेतला नाही. पण घरी टीव्हीसमोर शिव्या आणि तिकडे जाऊन त्याच मालिकेला मसाला, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

एप्रिलमधल्या एका मंगळवारी निकिता भरदुपारी घरी आली. बूट न काढता पायरीवरच बसली आणि खिशातला कागद माझ्याकडे दिला. कारणे दाखवा नोटीस होती.

तिच्या हद्दीत जानेवारीपासून तीन घरफोड्या झाल्या होत्या आणि तपास तिच्याकडे होता. त्या तिन्हींत चोराची एक सवय तिने हेरली होती आणि मुद्दाम गुपित ठेवली होती. पेपरवाल्यांना दिली नाही. ज्यांची घरं फुटली त्यांच्याही ती लक्षात आलेली नव्हती. निकिता, तिचे वरिष्ठ निरीक्षक आणि ठाण्याची लिखापढी करणारा एक रायटर हवालदार, एवढ्या तिघांना माहीत. आणि रविवारी 'घर सरनोबतांचं'मध्ये ती जशीच्या तशी दाखवली गेली. तपासातली गोपनीय माहिती टीव्हीवाल्यांना दिल्याचा संशय निकितावर. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खुलासा द्यायचा.

"पुढच्या महिन्यात प्रोबेशन संपतंय," ती म्हणाली. "हा शेरा बसला तर कायम करणार नाहीत, पप्पा. घरी बसवतील."

तीन वेळा परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी. दोनदा थोडक्यात हुकली तेव्हा पोरगी आठ-आठ दिवस जेवली नव्हती.

"कुठली सवय?" मी विचारलं.

"ते तुम्हाला सांगितलं तर नोटीस खरी ठरेल."

उत्तर बरोबर होतं. मला ते आवडलं आणि लागलंही.

आता सगळं सांगायचंच ठरवलंय तर हेही सांगतो. रविवारच्या त्या भागात एक गोष्ट माझी होती. पण ती नव्व्याण्णव सालची, पंचवीस वर्षांपूर्वीची. निकिताच्या जानेवारीतल्या चोराशी तिचा काय संबंध? त्या तासाभरात मोबाइलचं लोकेशन होतं, औषधाच्या दुकानातला कॅमेरा होता, कुत्र्याला घातलेली गुंगी होती. यातलंच काहीतरी फुटलं असणार, असं मी धरून चाललो. आणि इंद्रजीतचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर खुलाशाच्या पहिल्या ओळीत ते लिहावं लागलं असतं, आणि मग पोरीचं कोण ऐकणार? बापच लेखकाकडे चहा पितो म्हटल्यावर झालंच.

पण माहिती बाहेर गेली होती, आणि निकिता बोलणारी नाही. म्हणजे तिच्या फोनवरचं बोलणं किंवा तिचे कागद कुणीतरी घरातूनच पोहोचवले होते. त्याच रात्री मी मनातल्या मनात तपास सुरू केला.

अनिरुद्धला सोडून दिलं. दिवसभर चौकात उभं राहून तो घरी येतो तेव्हा त्याला स्वतःचं नाव सांगायची ताकद नसते. हिराकडे पाहिलं, तर ती माझ्याकडेच पाहत होती. "काय झालं?" म्हटलं. "काही नाही," म्हणाली, "पेन्शनर संघाची बैठक या महिन्यात झाली का, आठवत होते." मी पाणी प्यायला उठलो.

राहिली शेफाली. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, पोलिसाच्या घरातली नव्हे. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून भाषांतराचं काम करते, एवढंच मला ठाऊक. कसलं भाषांतर, ते मी कधी विचारलं नाही. बुधवारी ती गॅलरीत हळू आवाजात फोनवर बोलत होती. मी कुंडीला पाणी घालायच्या निमित्ताने दाराआड उभा राहिलो. "पुढचा एपिसोड कधी पाठवतोस?" ती म्हणाली. "आणि इकडे फोन करू नको रे, घरात कुणाला कळायला नकोय."

गुरुवारी ती दळण आणायला गेली तेव्हा मी तिचा लॅपटॉप उघडला. सुनेच्या वस्तूला हात लावला, चुकलं माझं. पण लावला. पडद्यावर सरनोबत आजोबा तोंड उघडून थांबलेले आणि खाली इंग्रजीत एक ओळ. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चौतीस वर्षं ज्या आनंदासाठी काढली तोच, माणूस हाताला लागल्याचा.

संध्याकाळी मी फर्मान काढलं की आज सगळ्यांनी एकत्र जेवायचं. अनिरुद्धने ड्यूटी बदलून घेतली. पाच माणसं खाली मांडी घालून बसलो, वांग्याचं भरीत आणि भाकरी. पहिला घास घेतला आणि मी शेफालीला सरळच विचारलं, "त्या मालिकेचं काय काम करतेस तू?"

तिचा हात थांबला. निकिताने वर पाहिलं.

"इंग्रजी सबटायटल," शेफाली म्हणाली. "वर्ष झालं."

"आणि लपवून का ठेवलंस?"

"पप्पा, तुम्ही दर रविवारी त्या मालिकेची पूजा बांधता. हेडफोन लावले तरी मला ऐकू येतं. त्याच मालिकेचे पैसे घेते, हे कसं सांगू?"

"पैसे घेतेस, आणि देतेस काय?"

"रामदास ओव्हाळ," हिरा म्हणाली. नवऱ्याला नावाने हाक मारायची वेळ तिच्यावर चाळीस वर्षांत दोनदाच आली असेल. पण मी थांबलो नाही. निकिता फोनवर बोलत असते, तू शेजारच्या खोलीत असतेस, तुझा त्यांच्याशी रोजचा संबंध, हे सगळं मी बोलून दाखवलं. शेफाली रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्याकडे भाग येतो तेव्हा शूटिंग होऊन, कापून-जोडून आलेला असतो. मी फक्त खाली ओळी लिहिते. काय घालायचं ते मला कोण विचारणार? पण तुम्ही ठरवलंच असेल तर असू दे."

मग अनिरुद्धने खाकरून घसा साफ केला. बायकोच्या बाजूने बोलेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "एक उपाय आहे. शेफाली सरकारी नोकरीत नाही. तिने लिहून दिलं की निकूचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं आणि मी सहज कंपनीत कुणाला तरी बोलले, तर निकूला फार तर समज देतील. शेफालीला कोण काय करणार? हे काम जाईल, दुसरं मिळेल."

"काहीतरी बोलू नको, दादा," निकिता म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता. उद्या शुक्रवार होता आणि तिच्याकडे लिहायला एक ओळ नव्हती.

शेफाली ताटाकडे बघत होती. "ताईची नोकरी वाचत असेल तर देते लिहून," ती म्हणाली. "पण मी नेमकं काय ऐकलं ते तरी सांगा. खोटं लिहायचं तरी नीट लिहायला पाहिजे."

निकिताने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तू काही लिहायचं नाहीस. आणि लपवून तरी काय उपयोग आता, सगळ्या महाराष्ट्राने बघितलंय." मग तिने सांगितलं, "चोर जाताना फरशी पुसतो. आतून बाहेर, मागे मागे सरकत, स्वतःची पावलं पुसत. त्यांच्याच घरातलं फडकं घेतो. आणि नंतर ते धुऊन, घट्ट पिळून, मागच्या खिडकीच्या गजावर वाळत घालून जातो. घरच्यांना वाटतं, कामवालीने घातलंय. तिन्ही घरांत तसंच."

ती माझी गोष्ट होती. डिसेंबरमध्ये इंद्रजीतच्या घरी, दुसऱ्या चहानंतर मी सांगितलेली.

नव्व्याण्णव साली मी हवालदार होतो, तपास पथकात. पावसाळा संपत आला तेव्हापासून तीन महिन्यांत तीन बंगले फुटले, आणि तिन्हीकडे मी ते फडकं पाहिलं होतं. गजावर, चार पदरी पिळलेलं. चोर सापडला नाही. वर्षअखेर आली. वर्षअखेरीला साहेबांना एकच आकडा हवा असतो, किती गुन्हे उघडकीस आले. मग करायचं काय, तर हाताला लागलेल्या एखाद्या भुरट्या चोराच्या अंगावर जुने, न सुटलेले गुन्हे घालायचे. तो आत जाणारच असतो, अजून दोन-चार गेले अंगावर तर त्याचं काय जातं? हे सगळेच करतात असं आम्ही म्हणायचो, आणि सगळे करतात म्हटलं की झोप लागते. त्या वर्षी आमच्या हाताला लागला भैरू. कात्रजकडे बांधकामावर बिगारी होता, तांब्याची तार चोरताना सापडलेला. तीन घरफोड्या त्याच्या नावावर गेल्या. तीन वर्षं येरवड्याला काढली त्याने. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं.

इकडे अनिरुद्धने कागद आणला होता. शेफालीने हात धुतले, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, "सांगा, काय लिहू?"

तिचं काय जातं. भैरूबद्दलही आम्ही चहाच्या टपरीवर अगदी हेच बोललो होतो.

"ठेव ते पेन," मी म्हणालो. "मालिकेला ते मी सांगितलं."

मग इंद्रजीत, शनिवार पेठ, पेन्शनर संघाच्या बैठका, सगळं सांगून टाकलं. शेफालीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. तिने काही ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. अनिरुद्ध डोक्याला हात लावून बसला. पण निकिताचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यावर रंग आला.

"म्हणजे माझ्याकडून फुटलेलंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही जुन्या केसमधलं सांगितलंत. डिसेंबरमध्ये. माझी पहिली घरफोडी जानेवारीतली. पप्पा, त्या केस उघडकीस आल्या होत्या?"

"आल्या होत्या."

"मग आरोपी आहे. तोच परत सुरू झालाय." ती उठून उभी राहिली, हातात फोन. "नाव काय? आजच उचलते त्याला."

गप्प बसलो असतो तर चाललं असतं. नोकरी वाचली होती, आणि गुन्हाही सुटल्यासारखा दिसत होता. भैरू आता साठीला आला असेल, म्हातारा माणूस, त्याला पुन्हा एकदा घरातून उचलून आणतील, एवढंच. मी हिराकडे पाहिलं. ती भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसली होती.

"तो नाही," मी म्हणालो.

"कशावरून?"

"सिमेंट कालवायच्या मशीनमध्ये त्याचा उजवा हात गेला होता. बोटंच नाहीत. त्याला फडकं पिळता येणार नाही."

निकिता हळूहळू खाली बसली. भरीत गार झालं होतं. बाहेर कुणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती, त्याचा आवाज येत होता.

"हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"कोर्टात. त्याने न्यायाधीशांसमोर हात जोडले तेव्हा. तोपर्यंत सगळं पुढे गेलेलं होतं."

"आणि पंचनाम्यात फडकं आहे?"

"नाही. तेव्हा किरकोळ वाटलं, लिहिलं नाही."

एवढंच सांगितलं. त्याहून जास्त सांगायची त्या दिवशी छाती झाली नाही.

हिरा बोलली ती सगळ्यात शेवटी. "त्याची बायको आली होती आपल्या दारात. कौशल्या. कडेवर पोर होतं, आपल्या निकूएवढं. मी पाणी द्यायला उठले, तर तुम्ही म्हणालात, आत जा, हे आमचं काम आहे." तिने ताट उचललं. "रोज सकाळी हात जोडून पंचशील म्हणता. चौथं म्हणताना जीभ अडखळत नाही का हो तुमची?"

चौथं शील म्हणजे खोटं बोलणार नाही. त्या रात्री आमच्या खोलीतला दिवा सकाळपर्यंत चालूच राहिला.

शुक्रवारी सकाळी मी इंद्रजीतला घेऊन सहायक आयुक्तांच्या कार्यालयात गेलो. बिचारा घाबरला होता, पण कामाचा निघाला. मी सांगितलेलं सगळं तो फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवायचा. बारा डिसेंबरची तारीख, माझा आवाज, मध्येच माझं सुर्रकन चहा पिणं. निकिताची पहिली घरफोडी एकोणीस जानेवारीची. साहेबांनी ते दोनदा ऐकलं. भैरूबद्दल मी घरी सांगितलं तेवढंच त्यांनाही लिहून दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. "निवृत्त झालात, ओव्हाळ, तुम्हाला काय बोलणार," म्हणाले. संध्याकाळपर्यंत निकितावरची नोटीस मागे घेतली गेली.

घरी कुणी पेढे आणले नाहीत. मी शेफालीला म्हणालो, "चुकलो, बाळा." ती म्हणाली, "हं," आणि हेडफोन लावले. रविवारी आठ वाजता टीव्ही कुणी लावला नाही. निकिता तर घरात असून नसल्यासारखी. शनिवारी ती दिवसभर ठाण्याच्या अभिलेख कक्षात होती, एवढं अनिरुद्धकडून कळलं. जुन्या फायली काढतेय, म्हणाला.

सोमवारी मला ठाण्यातून फोन आला. घरफोडीच्या तपासात साक्षीदार म्हणून जबाबाला या. फोन शिपायाने केला होता. सकाळी निकिता माझ्यासमोर चहा पिऊन गेली होती, तेव्हा काही बोलली नव्हती.

तिची खोली छोटी आहे, दोन टेबलं आणि एक लोखंडी कपाट. दुसऱ्या टेबलावर तिने एका हवालदाराला मुद्दाम बसवून घेतलं होतं. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगायला निघाला. "जबाब झाल्यावर," निकिता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आपलं पूर्ण नाव?"

"निकू..."

"पूर्ण नाव सांगा."

"रामदास सखाराम ओव्हाळ."

"वय? राहणार?"

तिच्याच घराचा पत्ता मी तिला सांगितला, तिने तो लिहिला. नव्व्याण्णवची ती फाइल टेबलावर उघडी होती. मला लांबूनच माझं अक्षर ओळखू आलं. तिने तिन्ही पंचनामे बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवले.

"पहिली घरफोडी सप्टेंबरातली, दुसरी ऑक्टोबर, तिसरी नोव्हेंबर. घरं एकमेकांपासून लांब. पण पंच तेच दोन. शाई एकच. कागदही एकाच गठ्ठ्यातला आहे." तिने पेनाने फक्त दाखवलं. "तीन महिन्यांत लिहिलेले कागद असे दिसत नाहीत. हे एका बैठकीत पुन्हा लिहिलेत. कुणी लिहिले?"

"मी."

"मूळचे कुठे आहेत?"

"जाळले."

हवालदाराने मान खाली घातली.

"मूळच्या पंचनाम्यांत फडकं होतं?"

"होतं."

"म्हणजे किरकोळ वाटलं म्हणून राहिलं, असं नाही."

"नाही."

ती लिहीत होती. तिचं अक्षर माझ्यासारखंच आहे, जरा उजवीकडे झुकणारं. पहिलीत असताना मीच हात धरून गिरवून घेतलं होतं. लिहून झालं आणि पेन तसंच कागदावर टेकलेलं ठेवून तिने विचारलं, "पुन्हा कधी लिहिले? भैरूला अटक करायच्या आधी की नंतर?"

नंतर, असं म्हटलं असतं तर तिला ते खोडता आलं नसतं. त्या पथकातला मी एकटाच उरलोय. 'नंतर' म्हणजे चूक झाली आणि झाकली, असा अर्थ निघाला असता. तेवढी चूक बापाला माफ करता येते. ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती, आणि मला कळलं की तिलाही 'नंतर'च ऐकायचंय.

"आधी," मी म्हणालो.

मग तिने तो शब्द लिहिला. "म्हणजे त्याचा हात आपण कोर्टात पहिल्यांदा पाहिला नाही."

"नाही. तार चोरताना पकडला तेव्हाच पाहिला. हात बघूनच फडकं काढून टाकायचं ठरलं. मीच सुचवलं होतं साहेबांना." थांबणं जमत नव्हतं आता. "मला शाबासकी मिळाली होती त्याची."

तिने तेही लिहिलं. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही, लिहीत राहिली. खरा चोर पंचवीस वर्षं मोकळा फिरत होता, कारण त्याला शोधायचंच आम्ही थांबवलं होतं. हे तिने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही, दोघांनाही माहीत होतं. शेवटी कागद माझ्याकडे फिरवला, सहीची जागा दाखवली. मी सही केली.

"भैरू सध्या कुठे राहतो?"

"कात्रजलाच असेल. कौशल्याचा भाऊ तिथल्या डेअरीत होता. नक्की माहीत नाही."

"त्याचाही जबाब लागेल मला." तिने फाइल बंद केली. हवालदार उठायला लागला, तिने त्याला हातानेच बसवलं. "शिपाई नाही पाठवणार मी. दारात पोलीस बघून त्या माणसाला काय वाटेल? तुम्ही जा, पप्पा. तुम्ही शोधून काढा त्याला."

"जाऊन काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत ते," ती म्हणाली. "आणि आधी की नंतर, ते तो विचारायच्या आत सांगा."